मांसांकुराचे पुनरागमन

काही अतिथी निरोप दिला तरी परततात. आमच्या उजव्या तर्जनीवर असाच एक अतिथी उतरला. डाळिंबाच्या दाण्याएवढा, तसाच तांबडा व तुकतुकीत मांसांकुर पंधरवड्यात वाढला. खडू हाती धरला तरी रक्त वाहू लागे. एका वैद्यांनी तो वरच्यावर छाटून टाकून दिला. तीन आठवड्यांत स्वारी पुनश्च हजर! परतणारी गाठ म्हणजे कर्करोग, असे घरच्या मंडळींनी ठरवूनच टाकले. रात्रीच्या वेळी आम्हांसही तेच खरे वाटे.

दुसऱ्या शल्यवैद्यांनी ती समूळ काढून तपासणीस धाडली. आठ दिवसांनी उत्तर आले: 'पायोजेनिक ग्रॅन्युलोमा'. आमचा जीव भांड्यात पडला खरा. परंतु हे नाव सर्वथा फसवे आहे. 'पायोजेनिक' म्हणजे पू उत्पन्न करणारा. येथे पुवाचा संबंध नाही, आणि खऱ्या अर्थाने हा ग्रॅन्युलोमाही नव्हे. 1897 साली पाँसे व डोर या फ्रेंच वैद्यांनी याचे वर्णन केले, तेव्हा दोष बुरशीकडे गेला. पुढे तो पूजनक जंतूंवर आला. वस्तुतः हा सूक्ष्म केशवाहिन्यांचा निरुपद्रवी गुच्छ होय. 1980 साली 'लोब्युलर कॅपिलरी हीमँजिओमा' हे यथार्थ नाव सुचविले गेले. तथापि जुने नावही, गाठीप्रमाणेच, हटावयास तयार नाही.

परतण्याचे कारण साधे आहे. वर दिसतो तो केवळ शेंडा. त्याचा तळ त्वचेच्या आतल्या थरात असतो. तो शिल्लक राहिला की अंकुर पुन्हा फुटतो. म्हणून खरवडल्यावर तळ विजेच्या उपकरणाने जाळतात, किंवा त्वचेच्या पूर्ण जाडीसह गाठ कापून टाके घालतात. दुसऱ्या उपायाने ती परतण्याचा संभव कमी, मात्र व्रण राहतो. लहान मुलांत काचबिंदूवरील टिमोलॉलचे थेंबही वर लावून पाहतात. गरोदरपणी हिरडीवर आलेली गाठ प्रसूतीनंतर पुष्कळदा आपोआप ओसरते. तेथे धीर हेच औषध.

पुनरागमन हे दुष्टतेचे प्रमाण नव्हे, हे खरे. परंतु रंगहीन मेलॅनोमा हा घातक कर्करोगही क्वचित हुबेहूब हेच रूप घेतो, आणि तेथे निवाडा डोळ्यांचा नव्हे, सूक्ष्मदर्शकाचा. यास्तव गाठ गेल्याच्या आनंदात वाचकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा: काढलेला तुकडा तपासणीस गेला की कचऱ्यात?