तळेगावचा शंकरपट

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडात असतात. गेल्या पौषात ते सहकुटुंब अमरावतीस आले, तेव्हा आमच्या दहा वर्षांच्या नातीने तिकडील हिवाळी जत्रेचे मोठे रसभरित वर्णन केले. तेथे बर्फावरून घसरणाऱ्या गाड्यांना आठ-आठ, दहा-दहा कुत्री जुंपून शर्यती लावतात. ही कुत्री धावण्यास इतकी अधीर असतात, की शर्यत सुटेपर्यंत बर्फात लोखंडी आकडा रोवून गाडी अडवून धरावी लागते. आम्हीही आपली थोडी भर घातली : १९२५ साली अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा सुमारे वीस गाडीवानांनी आळीपाळीने कुत्री हाकून पावणेसातशे मैलांवरून साडेपाच दिवसांत औषध पोहोचविले होते. परंतु तिला इतिहासात गोडी नव्हती. "आजोबा, तुमच्याकडे असलं काही नसतं का?" एवढेच तिला हवे होते.

"नसायला काय झालं? शंकरपट असतो!" आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

त्यांचे माहेर अकोल्याकडील. वडिलांच्या गोठ्यात पटाची जोडी असे व तिची सरकी-ढेप घरच्या मुलांच्या दुधाआधी पाहिली जाई, असे त्या अभिमानाने सांगतात. आम्ही मात्र पन्नास वर्षांत पटाकडे फिरकलो नव्हतो. लहानपणी एका पटात बैलाच्या पुठ्ठ्यात पराणीची आर टोचून रक्ताची धार लागलेली आम्ही पाहिली होती. ती डोळ्यांपुढून हलली नाही. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींसही मनाई केली, तेव्हा पेढे वाटावयाचे तेवढे आम्ही बाकी ठेवले. पुढे २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. सौभाग्यवतींनी त्या दिवशी शिरा केला होता. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितले नाही व आम्ही विचारले नाही.

असो. नातीपुढे आमचे काही चालले नाही. दशम्या, तिळाची चटणी, संत्री आणि संक्रांतीचा उरलेला तिळगूळ बांधून आम्ही सर्व मंडळी सकाळीच निघालो. चांदूर रेल्वे मागे पडल्यावर दोन्ही बाजूंस तुरीची कापणी चाललेली दिसत होती. धामणगाव रेल्वे तालुक्यातील तळेगाव दशासरचा पट साऱ्या वऱ्हाडात नामांकित. गावात शिरण्यापूर्वीच धुरळा आणि ध्वनिक्षेपक या दोहोंनी आमचे स्वागत केले.

ज्यांनी पट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सरळ आखलेल्या धावेच्या वाटेला दाण म्हणतात. हलक्याशा छकडीला जोडी जुंपलेली असते व तिच्यावर धुरकरी जेमतेम टेकलेला असतो. येथे एका वेळी एकच जोडी सुटते आणि तिची स्पर्धा घड्याळाशी असते. सेकंदाच्या शतांशापर्यंतचे आकडे झळकतात. पूर्वी हातातील घड्याळावरून जी भांडणे होत त्यांना आता जागा उरलेली नाही. नव्या नियमांप्रमाणे दाण एक हजार मीटरांहून लांब नसावी, बैल पशुवैद्याने तपासलेला असावा आणि काठी, चाबूक, विजेचा धक्का यांपैकी काहीही वापरू नये. आम्ही चष्मा पुसून प्रत्येकाचे हात पाहत होतो. काठी खरोखरच कोठे दिसली नाही. शेपटीस पीळ घालणारा एक महाभाग मात्र दिसला, हे नमूद करणे भाग आहे.

जोडी सुटण्याच्या जागी चार-चार माणसे बैलांना धरून उभी होती व बैल खुरांनी माती उडवीत होते. "म्हणजे यांनाही पळायचंच आहे," नात म्हणाली. ती उत्सुकता की भय, हे आम्हांस सांगता आले नाही.

तेवढ्यात त्या माणसांतील एक चाळिशीचा, धुळीने माखलेला गृहस्थ धावत आला व आमच्या पाया पडला. "सर, वयखलं का मले? रामः रामौ रामाः अजून पाठ हाय, पाहा!" आम्ही ओळखले. त्याने आपले दोन्ही रिकामे हात उलटसुलट करून दाखविले आणि मोकळेपणे हसून म्हणाला, "आता काठी बंद झाली, सर, कायद्यानं. तुमचीबी बंद झाली म्हंते शायेतून!"

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याने शाळेतील शारीरिक शिक्षेस मनाई केली. तोपर्यंत आमची छडी फळ्यामागे असे. आम्ही गडबडीने तिळगुळाचा डबा उघडला. त्याने उजवा तळहात पुढे केला, तो आमच्या ओळखीचा होता.

दुपारी बायकांचा पट झाला. पदर खोचून एक मध्यम वयाची बाई छकडीवर चढली. अर्ध्या वाटेवर तिची जोडी थांबली, ती थांबलीच. लोक हसू लागले. बाई खाली उतरली, एका बैलाच्या गळ्याची पोळी खाजविली, काहीतरी बोलली आणि दोघांना चालवीत परत घेऊन गेली. आम्हांस ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील मुद्गलानीचे स्मरण झाले. मुद्गल ऋषीच्या रथाला एक बैल व त्याच्या जोडीस लाकडाचा सोट जुंपलेला. सारथ्य पत्नीने केले आणि सहस्र गाई जिंकल्या. ते सूक्त आम्ही कितीदा वाचले असेल, पण लक्ष सारे द्रुघण शब्दाच्या व्युत्पत्तीकडे. तळेगावच्या बाईने जिंकले काहीच नाही. सौभाग्यवती मात्र उभ्या राहून टाळ्या वाजवीत होत्या.

परतताना दिवस कलला होता. सूनबाईंना झोप लागली, चिरंजीव गाडी चालवीत होते. नातीने संत्रे सोलता सोलता विचारले, "आजोबा, त्या काकांनी तुमची काठी म्हटलं ते काय? तुमच्याकडे पण बैल होते?"

सौभाग्यवतींनी खिडकीकडे तोंड फिरविले. आम्ही चांदूर येईपर्यंत तिला सर्व सांगितले. त्या मुलाचे नाव, रूप चुकल्याबद्दल किती छड्या, हेही सांगितले. तिने सोललेले संत्रे बराच वेळ तसेच हातात धरले होते.