सहलीचा डबा

घरखर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती आधी कशाला लागते, हे कुणा गृहिणीला सांगायला नको. दूध बंद होत नाही, मुलांची फी चुकत नाही, सासऱ्यांची औषधं थांबत नाहीत. नवी साडी दिवाळीवर जाते आणि सहल त्याही पुढे. सिमल्यासाठी वर्षभर जमवलेले पैसे घराची गळती बुजवण्यात जातात आणि ‘यंदा गावीच जाऊ, आंबे तरी खायला मिळतील’ अशी मुलांची समजूत आपणच घालतो. त्यात वावगं काहीच नाही. पण हीच कात्री एकाच वेळी लाखो घरांत चालली, तर ती शेवटी कुणाच्या पोटावर येते?

हा विचार मनात आला तो आमच्या लालबागच्या चाळीतल्या वहिनींच्या मुलीमुळे. ती एका विमान कंपनीत, विमानतळावरच्या काउंटरवर होती. पहिला पगार झाला तेव्हा सगळ्या मजल्यावर पेढे वाटले होते. पुढे तिच्या पगारावर घरासाठी कर्ज काढलं. मग पगार आधी पंधरा दिवस उशिरा होऊ लागला, नंतर दोन-दोन महिने झालाच नाही आणि एके दिवशी कंपनीची विमानंच उडेनाशी झाली. वहिनी मला म्हणाल्या, “तुम्ही शिकवता ना मुलांना, मग मला सांगा. विमानं तर भरून जात होती म्हणते ही. मग पैसे गेले कुठे?”

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मला सापडलं ते दादरच्या भाजीबाजारात! रात्री आठनंतर तिथली भाजीवाली पालकाच्या जुड्या मिळेल त्या भावाला काढते, कारण उद्या त्या कुणी घेणार नाही. विमानातली खुर्ची तर पालकापेक्षा नाशवंत. विमान उडालं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. म्हणून चार कंपन्यांची चढाओढ लागली की तिकीट खर्चाच्याही खाली जातं. शिवाय भाजीवालीला सकाळची खरेदी तरी ठाऊक असते. विमान कंपनीला इंधनाचा भाव जगाच्या बाजाराप्रमाणे मोजावा लागतो आणि विमानांचं भाडं बहुधा डॉलरमध्ये द्यावं लागतं. रुपया घसरला की एकही जादा फेरी न करता खर्च वाढतो. आणि नेमक्या त्याच काळात महागाईला कंटाळून आपण घरोघरी सहलीवर काट मारलेली असते!

2008 साली असंच झालं. जुलैत खनिज तेल पिंपाला 140 डॉलरच्या वर गेलं आणि वर्षअखेर जगभर मंदी आली. त्या ऑक्टोबरमध्ये जेट एअरवेजनं शेकडो कर्मचाऱ्यांना काढलं आणि ओरड होताच परत घेतलं. किंगफिशरची विमानं 2012 मध्ये थांबली. 1993 साली सुरू झालेल्या जेटचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 रोजी उडालं, तेव्हा डोक्यावर बँकांचं आठ हजार कोटींहून अधिक कर्ज होतं. एकेकाळी बॉम्बे डाइंगच्या गिरण्या चालवणाऱ्या वाडियांची ‘गो’ 3 मे 2023 पासून बंद पडली. तिथं नादुरुस्त इंजिनांचं कारण पुढे आलं. कारणं निरनिराळी, पण महिनाअखेर रिकाम्या हातांनी घरी येणारी माणसं मात्र सारखीच.

आमच्या सासूबाईंना यात नवल वाटलं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. आमचे सासरे त्यांतलेच. “भोंगा थांबला म्हणजे नुसती गिरणी थांबते होय?” सासूबाई म्हणतात. “शेजारच्या काकूंच्या खानावळीत पंचवीस जण जेवायचे. सगळे गावी निघून गेले. काकूंनी भांडी विकली.” गिरणगावातल्या अशाच खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं. गिरणीच्या पगारावर अशा कितीतरी चुली पेटत होत्या.

पर्यटनाचंही तेच. 25 मार्च 2020 पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती. त्यात वैमानिक घरी बसले तसेच टॅक्सीवाले, हॉटेलच्या चादरी धुणारे, काश्मीरचे घोडेवाले आणि आपल्या तारकर्लीला मासे रांधून वाढणाऱ्या बायकाही बसल्या. उलट हाती चार पैसे खुळखुळू लागतात तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. केसरी 1984 साली सुरू झाली आणि मराठी माणूस घोळक्यानं जग पाहू लागला. पुढे तर केवळ बायकांच्या सहली निघाल्या. सासूला न घेता, नवऱ्याला न विचारता म्हणत नाही मी, पण निदान त्याचा डबा न भरता आठ दिवस फिरता येतं, हे कितीजणींना तेव्हा कळलं!

म्हणून स्वस्त तिकीट मिळालं की मला आनंद होतो, पण पूर्वीसारखा निर्भेळ नाही. ते स्वस्त कुणाच्या अडकलेल्या पगारामुळे तर नाही ना, अशी शंका येते. वहिनींची मुलगी आता एका दवाखान्यात नोंदणीचं काम करते. पगार कमी, कर्जाचे हप्ते तेवढेच. थकलेला पगार तिला अजून मिळालेला नाही.

मैत्रिणींनो, मंदी आपण थांबवू शकत नाही, पण घरापुरती काळजी घेता येते. सहलीचे पैसे दरमहा वेगळ्या खात्यात टाकावेत. सगळी रक्कम आधीच भरून मोकळं होऊ नये. प्रत्येक पावती जपावी आणि सहल रद्द झाल्यास काय परत मिळेल, ते लेखी घ्यावं. घरातलं कुणी अशा चढउताराच्या धंद्यात असेल, तर सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत मोठं कर्ज काढू नये. आणि हात आखडला तरी सहलीचा डबा पुरता रिकामा करू नये. सिमला नाही जमला तर गणपतीपुळ्याला दोन दिवस जावं. तिथंही कुणीतरी चूल पेटवून आपली वाट बघत असतं.