सापडत नाही म्हणजे काय?

संगणक शिकवताना मुलांना सर्वांत जास्त खचवणारे वाक्य कोणते, असे कुणी विचारले तर मी सांगेन: ‘फाईल सापडत नाही.’ यंत्र बोलते फाईलविषयी. मुलांना मात्र ऐकू येते, ‘तुला जमत नाही.’

माझी भाची पायथॉनमध्ये पतंगाचा खेळ तयार करत होती. त्यासाठी २००० साली आलेले पायगेम हे मोफत साधन वापरत होती. पतंगाचे चित्र तिने स्वतः काढलेले. घरच्या विंडोजवर पतंग झकास उडायचा. कॉलेजच्या स्पर्धेला एक दिवस उरला असताना तिथल्या लिनक्सवर खेळ उघडताच बंद पडला. रडकुंडीला येऊन म्हणाली, “खाला, फाईल समोर दिसतेय, तरी हा नाही म्हणतो! हे आपलं कामच नव्हे.”

ते शेवटचे वाक्य मला लागले. आमच्या घरात मुलींच्या बाबतीत ते फार सहज बोलले गेले आहे.

मी तिला पडद्यावरचा लाल मजकूर पूर्ण वाचायला लावले. ‘फाईल नाही’ इथेच ती थांबली होती. पुढे कोणत्या फोल्डरमध्ये शोधले, तेही लिहिले होते! तिने खेळ सुरू केला होता तिच्या होम फोल्डरमधून. चित्र होते खेळाच्या फोल्डरमध्ये. चित्राचे नुसते नाव दिले, तर यंत्र ते शोधते चालू फोल्डरमध्ये. प्रोग्रॅमची फाईल कुठे ठेवली आहे, हे ते पाहत नाही. म्हणून प्रोग्रॅम स्वतः जिथे आहे, तिथूनच चित्राचा पत्ता धरायला सांगितले.

पुन्हा तीच तक्रार. पण आता शोधण्याची जागा बरोबर होती. म्हणजे शंका उरली नावाची. फाईलच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल, प्रोग्रॅममध्ये मात्र स्मॉल. विंडोज सहसा दोन्ही एकच मानते, लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावे. अक्षर बदलले आणि पतंग वर चढला.

अशा वेळी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. विंडोज फाईलच्या नावाचे शेपूट लपवते, त्यामुळे ‘पीएनजी’ नकळत दोनदा लागलेले असू शकते. शिवाय पत्त्यात उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे ‘एन’ आले, तर पायथॉन तिथे नवी ओळ समजतो. सरळ तिरकी रेघ दोन्हीकडे चालते.

स्पर्धेत तिला बक्षीस मिळाले नाही. मात्र आता वर्गातल्या मुली अडल्या की तिच्याकडे येतात. त्यांनी तोंड उघडण्याआधीच ती म्हणते, “आधी काय लिहिलंय ते शेवटपर्यंत वाच.”