नळाचें मुलकीपण

निजामी राज्यांत १९१९ च्या नियमांप्रमाणें १५ वर्षांचें वास्तव्य दाखविल्यावांचून बाहेरच्या माणसास 'मुलकी' म्हणवितां येत नसे, आणि मुलकी नसल्यास सरकारी नोकरी मिळणें कठीण. आमचे आजोबा सोलापुराकडून लातुरास आलेले. भाषा तीच, देवही तेच. पण दाखला हातीं येईपर्यंत ते 'गैरमुलकी'च राहिले. ही गोष्ट मला वारंवार आठवते ती एका गवतामुळें. गोदाकांठीं नळाचें बेट दाखविलें, कीं नांदेडचा एखादा विद्यार्थी हटकून विचारतो, "सर, हें इथलेंच कां?"

आपला नळ येथलाच. परंतु अमेरिकेंत त्याच्या एका भाऊबंदावरून मोठा वाद माजला होता. गेल्या शतकांत तो तेथील दलदलींत असा फोफावला कीं इतर वनस्पतींस जागा उरेना. त्यास परका म्हणावें, तर कनेक्टिकटच्या खाजणांत त्याचे ३००० वर्षांपूर्वींचे अवशेष सांपडलेले! देशी म्हणावें, तर हा उन्माद आतांच कां?

२००२ सालीं क्रिस्टिन सॉल्टनस्टॉल या विदुषीनें हें कोडें सोडविलें. वनस्पतिसंग्रहांत कागदावर चिकटवून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांतून तिनें हरितकणांतील डी.एन.ए. काढला व आजच्या नळांशीं, तसेंच जगभरच्या नळांशीं ताडून पाहिला. तेव्हां कळलें, कीं वादी-प्रतिवादी दोघेही खरे होते. एकाच नांवाखालीं दोन कुळें नांदत होतीं: एक पुरातन देशी, दुसरें बाहेरून आलेलें. दिसण्यांत फरक इतका थोडा, कीं पाहुण्यानें न्यू इंग्लंडांतून घरधन्यास जवळजवळ हुसकून लावलें तरी कोणास पत्ता नाहीं. (हरितकण बहुधा मातेकडूनच येतात, म्हणून पितृकुळाविषयीं हा दाखला मुका. आपल्या वंशावळींच्या अगदीं उलट!)

माणसास अशी रक्तपरीक्षा लावणें मला किळसवाणें वाटतें. गवताच्या बाबतींत मात्र ती टाळून चालत नाहीं. कारण ओळख पटविल्यावांचून विष फवारलें, तर उरलासुरला देशी नळच मरावयाचा. आणि १५ वर्षांचा नियम लावावा, तर तो घुसखोर केव्हांच मुलकी ठरला असता!

या साऱ्या शोधाचा आधार काय, तर कोणीं तरी शंभर वर्षांपूर्वीं पान वाळवून त्याखालीं स्थळ व तारीख लिहिली होती. तेव्हांपासून मी विद्यार्थ्यांकडून नमुने करवून घेतों. परवां एकानें नळाचा तुरा फार सुबक चिकटवून आणला. खालीं वळणदार अक्षरांत 'गोदावरी, नांदेड' असें लिहिलें होतें. वर्ष तेवढें राहिलें होतें.