सातबाऱ्यावर न बसणारा हिशेब

वसमतकडे चार माणसं पारावर बसली की विषय एकच: शक्तिपीठ महामार्ग. जून 2025 च्या आखणीनुसार वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या वेशीवरल्या पत्रादेवीपर्यंत सुमारे 802 किलोमीटर, 12 जिल्हे, त्यात आपला हिंगोली. त्याच महिन्यात राज्य मंत्रिमंडळानं ही आखणी आणि भूसंपादनासाठी 20,000 कोटींहून अधिक तरतूद मंजूर केली.

रस्ता नकोच, असं मी म्हणत नाही. पेशंट घेऊन नांदेड गाठायचं तर चांगला रस्ता मलाही हवा. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही; सरकार कायद्यानं जमीन घेऊ शकतं, हे मान्य. पण मोजणीत विहीर, बोअर, आंब्याची झाडं कागदावर येतात. हळद शिजवून वाळवायचं खळं कुठल्या रकान्यात बसवायचं? गटाच्या मधोमध रस्ता आला, तर विहीर अलीकडे, शेत पलीकडे. उरलेल्या तुकड्याला पाणी न्यायचं कसं? बटईनं कसणाऱ्याचं, निंदायला येणाऱ्या बायांचं नाव तर सातबाऱ्यावर नसतंच.

मोबदला हातात येईस्तोवर शेजारच्या रानाचे भाव चढलेले असतात. म्हणून जमिनीच्या बदल्यात जमीन द्या, असं कुणी म्हणालं, तर मला त्यात आडमुठेपणा दिसत नाही.