काफळ आणि कायफळ

कुमाऊंतील बिनसरच्या जंगलात वर चढत गेले की चीड मागे पडतो आणि बांज सुरू होतो. एक पाइन, दुसरा ओक. चीडवनात वाराच अधिक ऐकू येतो. पायाखाली वाळक्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा, निसरडा थर, एखादा सुतारपक्षी, आणि मग बराच वेळ काहीच नाही. बांजाच्या शेवाळलेल्या फांद्यांत मात्र लहान पक्ष्यांचा मिश्र थवा एकदम येतो : काळ्या गळ्याचे इवलेसे टिट, तुरेवाले युहिना, खोडावरून खाली डोके करून उतरणारा नटहॅच. वहीत नोंद होईपर्यंत थवा पुढच्या झाडावर गेलेला असतो. लाकूड आणि राळ यांसाठी इंग्रजी अमलात चीडाला जे झुकते माप मिळाले, त्याचा अर्थ असा कानांनाही कळतो.

आम्हांला ओढ होती ती मात्र एका न दिसणाऱ्या पक्ष्याची. कोकिळेच्याच कुळातला हा पक्षी उन्हाळ्यात चार स्वरांची हाक देतो. कुमाऊंनी कानांना ती 'काफळ पाको' अशी ऐकू येते. लोककथा अशी : आईने टोपलीभर काफळे लेकीच्या राखणीत ठेवली. उन्हाने ती सुकून कमी दिसू लागली. खाल्लीस म्हणून आईने मारले, लेक मेली. संध्याकाळच्या ओलाव्याने फळे फुगली, टोपली पुन्हा भरली. तेव्हापासून लेक पक्षी होऊन सांगते, काफळ पिकले, मी चाखले नाही.

आपला पावशाही याच कुळातला. तो शेतकऱ्याला 'पेर्ते व्हा' म्हणतो. एकाच्या तोंडी कामाची आज्ञा, दुसऱ्याच्या तोंडी न ऐकलेली कैफियत! पक्ष्यांच्या बोलण्याचे लोकांनी लावलेले हे अर्थ वर्गात आपण 'लोकसमजुती' या एका शब्दात उरकतो, हे आम्हांला पटत नाही. त्यात एका घराची भूक आहे, एका मुलीचे मरण आहे.

काफळ पिकण्याचे, या पक्ष्याने बोलण्याचे आणि पिरूल पेटण्याचे दिवस एकच. जून २०२४ मध्ये बिनसरच्या वणव्यात वनकर्मचारी होरपळून मेले.

'काफळ पिकले' हे मराठीतही त्याच चार स्वरांत बसते. अडचण फळाची आहे. हे झाड आपल्याकडे ठाऊक आहे ते कायफळ म्हणून, काष्ठौषधींच्या दुकानातली वाळकी साल.