माया

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली एक जुना सीआरओ होता, विजेच्या लाटा काचेवर रेघेनं दाखवणारं यंत्र. टेक्ट्रॉनिक्सचा, व्हॉल्व्हवाला. बटण दाबलं तरी लगेच काही दिसत नसे. आत ऊब धरायची, पंखा घरघरायचा, आणि मग काचेवर हिरवी रेघ हळूच उजाडायची.

खंडेनवमीला लॅबमधले मामा सगळी यंत्रं पुसून घेत. त्या दिवशी त्यांनी याच्या कडेचा पत्रा काढला. आत पांढऱ्या चिनीमातीच्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत ओळीनं बसलेले रेझिस्टर, कपॅसिटर. आणि एका बाजूला, कशालाच न जोडलेलं, सोल्डरच्या तारेचं छोटंसं रीळ.

“कुणी विसरलं वाटतं,” मी म्हणालो.

“विसरलं नाही, ठेवलंय. हे याचं यालाच लागतं.”

टेक्ट्रॉनिक्स कंपनी १९४६ साली अमेरिकेत, ओरेगनमधल्या पोर्टलंडला सुरू झाली. संस्थापकांपैकी हॉवर्ड व्होलम युद्धात रडारवर काम करून परतलेला. जॅक मर्डॉकचं आधी रेडिओचं दुकान. १९४७ मध्ये त्यांचा ५११ हा सीआरओ आला. जुन्या पद्धतीच्या सीआरओवर लाट सरकत राही. यात किरण लाटेची वाट पाहत थांबे, ती आली की निघे, दर वेळी त्याच जागेवरून. म्हणून धावती लाट डोळ्यांपुढे उभी राही. पहिलं गिऱ्हाईक होतं ओरेगन विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय.

चिनीमातीच्या पट्ट्या १९५०च्या दशकातल्या. त्यांच्या खाचांना चांदीचा मुलामा. साध्या सोल्डरमधलं कथील ती चांदी खातं. वारंवार झाळलं की सांधा पट्टीवरून सुटतो. म्हणून सोल्डरमध्येच सुमारे ३ टक्के चांदी मिसळायची, कथिलाची भूक आधीच भागवायची. पण दूरदेशी दुरुस्त करणाऱ्याला असलं सोल्डर मिळणार कुठून? म्हणून ते यंत्राच्या पोटातच.

पुढं ट्रान्झिस्टर आले, छापील सर्किटं आली. १९७२चा त्यांचा ४६५ हा सीआरओ एका हातानं उचलून नेता येई. रिळाचं काम संपलं.

आई झगे शिवताना शिवणीत थोडं कापड आत सोडायची. पोर वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या कापडाला माया म्हणतात. जे हात आपण कधी पाहणार नाही, त्यांच्यासाठी वीतभर तार जास्तीची ठेवणारा पोर्टलंडचा तो कारागीर मला आईच्याच जातकुळीतला वाटतो.

मामांनी धूळ फुंकली, वर झेंडूचं फूल ठेवलं. पत्रा लावण्याआधी मी पुन्हा आत डोकावलो. रीळ निम्मं संपलं होतं.